गोदाकाकूंनी सोडलेला मटार

काशीयात्रा आटोपून निघालेल्या प्रत्येक माणसाला गोदाकाकू दारात अडवायच्या आणि विचारायच्या, "काय सोडलंत?" काशीला आलं की आवडीचा एखादा पदार्थ कायमचा सोडायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. लोक ती पाळतातही, पण आपापल्या सोयीनं. कुणी कारलं सोडतं, कुणी पडवळ. डॉक्टरांनी साखर बंद केलेले एक गृहस्थ जिलबी सोडून मोठ्या रुबाबात परतले होते. काकूंनी त्यांना आल्या पावली घाटावर पिटाळलं. "गंगामाईला काय बेवकूफ समजलात? जा, ढंगाची चीज सोडून या!"

बालाजी घाटामागच्या गल्लीत त्यांचं घर. वरच्या खोल्या मराठी यात्रेकरूंसाठी, खाली त्यांच्या पंगती. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली आणि मुलगा श्रीकांत पुण्यात नोकरीला. मी कराडचा, रेल्वेच्या नोकरीपायी बनारसला येऊन पडलेला. पोटाची सोय म्हणून काकूंकडे जेवायला जाऊ लागलो आणि बघता बघता घरचा झालो. म्हणजे भाजी निवडू लागलो आणि बोलणी खाऊ लागलो. "विनू, भिंडी अशी चिरतात? तुझी रेलगाडी रुळावर राहते तरी कशी रे?" असं त्या म्हणाल्या की मला आईची आठवण यायची.

दुसऱ्यांना एक वस्तू सोडायला लावणाऱ्या काकू स्वतः मात्र सोडतच सुटल्या होत्या. आपल्या कुणावर संकट आलं की या घाटावर जायच्या, ओंजळीत पाणी घ्यायच्या आणि आवडीचं काहीतरी सोडून यायच्या. नवऱ्याच्या दुखण्यात वांगं गेलं. श्रीकांतला लहानपणी टायफॉइड झाला तेव्हा मटार गेला. असं करता करता अर्धी मंडई गेली. थंडीत बनारसमध्ये घरोघरी चूडा-मटर होतो, म्हणजे तुपात परतलेले कोवळे मटार आणि पोहे. काकू तो परातभर करायच्या, आम्हाला आग्रह करकरून वाढायच्या आणि स्वतः दहीभात कालवून बसायच्या. भात, बटाटा, दही आणि उपासाचा साबुदाणा, एवढ्यावर त्यांचं चालायचं.

मग त्यांना मूत्रपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही पसरलेला. ऑपरेशन झालं आणि पुढे इम्युनोथेरपीची सलाइनं सुरू करायचं ठरलं. श्रीकांत पुण्याहून येऊन-जाऊन असायचा. तो नसेल तेव्हा मी त्यांना दवाखान्यात न्यायचो. तिथली डॉक्टर गाझीपूरकडची तरुण मुलगी होती, बोलायला मोकळी. तिनं विचारलं, "माताजी, खाने में क्या-क्या लेती हैं? मटर?"

"छोड़ दिया."

"चना, राजमा?"

"छोड़ दिया."

"पालक? बैंगन?"

"वो तो कब का छोड़ दिया."

डॉक्टरचा चेहरा उतरला. बाईंची अन्नावरची वासनाच उडाली असं समजून ती नळीनं अन्न देण्याची भाषा करू लागली. मी घाईघाईनं काशीची रीत समजावून सांगितली. ती हसली आणि म्हणाली, "अच्छा! और अमरूद?"

"वो भी छोड़ दिया. इनको डेंगू हुआ था, तब," काकू म्हणाल्या आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

मला हे ठाऊकच नव्हतं. थंडीतला तो लाल गराचा पेरू काकूंना किती आवडायचा ते त्यांच्याच तोंडून ऐकलं होतं. अलीकडे दातांमुळे खात नसतील असं मी धरून चाललो होतो. डॉक्टर पुढे काय बोलली त्यातलं थोडं माझ्या कानांतून निसटलं, कारण मी काकूंकडेच बघत राहिलो होतो.

ती सांगत होती ते असं. हे औषध कॅन्सरला स्वतः मारत नाही. शरीराचे जे शिपाई आहेत, त्यांचा दाबलेला ब्रेक ते सोडवतं. आणि आतड्यात जे असंख्य जंतू राहतात, त्यातले चांगले जंतू या शिपायांना तयार ठेवतात असं दिसू लागलंय. ते जगतात डाळी, भाज्या, फळं, कोंड्यासकट धान्य यांच्या चोथ्यावर. "पक्का वादा नहीं है, माताजी. अभी खोज चल रही है. लेकिन उनको भूखा मत रखिए. और दुकान से कोई गोली अपने मन से नहीं."

रिक्षात काकू पदर सावरून बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे पोटात पण आपल्यासारखी धर्मशाळाच आहे म्हण. आणि त्या बिचाऱ्यांना मी साबुदाण्यावर ठेवलं!"

मला वाटलं, काम झालं. दारातून कुणाला उपाशी न पाठवणारी ही बाई उद्याच मटार सोलायला बसेल. पण काकूंनी मान हलवली. "काशीत सोडलेलं परत घ्यायचं नसतं, विनू. मी मटार खाल्ला आणि श्रीकांतला काही झालं, तर? माझं जे व्हायचं ते होईल."

मी समजावलं, रागावलो, डॉक्टरला फोन लावून दिला. काही उपयोग झाला नाही. सलाइनं सुरू झाली आणि काकू दहीभातच खात राहिल्या. शेवटी मी श्रीकांतला सगळं कळवलं आणि तो मिळेल ती गाडी पकडून आला. पन्नाशीकडे झुकलेला, सुटल्या पोटाचा माणूस. आल्या आल्या आईला म्हणाला, "आई, मटार सुटलेला राहायला हवा, एवढंच ना? मग तो मी सोडतो. तू घे."

"असली अदलाबदली चालते का कुठं?"

"रेल्वेत चालते, काकू," मी मध्ये तोंड घातलं. "एकाची ड्यूटी दुसरा घेतो. गाडी थांबत नाही. पेरू माझ्याकडे द्या."

काकू चिडल्या, रडल्या, पण आमच्याबरोबर घाटावर आल्या. श्रीकांतनं ओंजळीत पाणी घेऊन मटार सोडला, मी पेरू सोडला. बाकीचं गल्लीतल्या लोकांनी आपसात वाटून घेतलं. वांग्याला मात्र त्यांनी कुणाला हात लावू दिला नाही. "ते राहू दे. ते ज्यांच्यासाठी सोडलं त्यांना आता कोण विचारणार?"

पुढचं आधीच सांगून टाकतो. गाठी आकसल्या. मटारामुळे की औषधामुळे, हे डॉक्टरनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. "दवा का काम है, बाकी हमको नहीं मालूम," एवढंच म्हणायची. काकू त्यानंतर आणखी काही हिवाळे नीट हिंडल्या-फिरल्या, यात्रेकरूंना दरडावत राहिल्या. मग दुखणं उलटलं आणि गेल्या माघात त्या घरातच गेल्या. अजून संध्याकाळी माझे पाय त्या गल्लीकडे वळतात.

पण काकू म्हटलं की मला घाटावरून परतलो तो दिवस आठवतो. त्यांनी स्वतःच चूडा-मटर केला होता. ताट पुढ्यात घेतलं आणि श्रीकांतला समोर उभं केलं. पहिला घास घेतला तो ताटाकडे न बघता, मुलाच्या तोंडाकडे बघत. चावला, गिळला. श्रीकांत आपला हात बांधून उभा. दुसरा घास, तिसरा घास. डोळे त्याच्यावरच. श्रीकांतला काही झालं नाही. हळूहळू काकूंचे खांदे सैल झाले आणि त्यांनी पहिल्यांदा ताटाकडे नीट बघून एक घास सावकाश चघळला. मग एकदम कपाळाला हात लावला.

"अरे, यात मीठ किती जास्त पडतंय! इतकी वर्षं हेच खात होतात आणि एकानंही तोंड उघडलं नाही?"