सुनंदाराजे यांनी सोडले नाही ते

गेल्या रविवारी मुलुंडला आमच्या कन्याशाळेच्या कमिटीपुढे मुख्याध्यापिकेच्या जागेसाठी एक बाई आल्या. बी.ए., बी.टी., दहा वर्षांचा अनुभव... अर्जात कुठेही खोट नव्हती. नाव मात्र सुनंदाराजे.

मी कमिटीचा चिटणीस. अर्जाच्या समासात मीच टिपून ठेवले होते, ‘संस्थान विलीन झाले आहे, सबब पदवी वगळावी.’ रावबहादुरकी सरकारने दिली आणि त्या सरकारबरोबर गेली, तसेच हे, असे मी धरून चाललो होतो. एरवी पुराव्याशिवाय मी एक ओळ लिहीत नाही...

अध्यक्ष दादासाहेब हसत म्हणाले, “अहो बाई, पाटीवर ‘राजे’ दिसलं तर पोरी वर्गात मुजरे करत येतील! तेवढं काढा ना, उद्यापासून रुजू व्हा.”

बाईंना नोकरीची नड होती. पती निवर्तलेले, दोन मुली पदरात.

त्या शांतपणे म्हणाल्या, “हे सरकारनं दिलेलं नाही. आमच्या घराण्यात मुलगा असो की मुलगी, बारशाला आत्या पाळण्यातच ‘राजे’ लावते. लग्नानंतर मी राणीसाहेब झाले. यजमान गेले, दीर गादीवर बसले, तो मान जावेकडे गेला. हा जन्माचा आहे, जायचा नाही. जागा दुसऱ्या कुणाला द्या.” आणि त्या उठल्या.

“बसा, बाई,” मी म्हणालो. समासातली टीप खोडली आणि अर्जातल्याप्रमाणे संपूर्ण नावाने नेमणुकीचा ठराव मांडला.

“अहो चिटणीस, हरकत तुमचीच होती ना?”

“चुकीची होती. नाव पूर्ण येईल, नाहीतर चिटणीसही दुसरा शोधा.”

“घ्या! एकाला दोन हट्टी!” दादासाहेबांनी कपाळावर हात मारला... पण सही केली.

घरी आल्यावर मात्र स्वस्थता नव्हती. आमच्यात लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने सुनेचे नवे नाव लिहितात. पत्नीचे मी असेच बदलले होते, तिला न विचारता. ते तिला हवे होते का, हे परवा प्रथमच विचारले... “आता विचारताय?” ती म्हणाली.

थोरल्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात आहे. तिला विचारले, तिने तत्काळ उत्तर दिले. ताटात तिचे पाळण्यातलेच नाव लिहिले जाईल, असे आज व्याह्यांना पत्राने कळवले आहे. उत्तर काहीही येवो, या अटीत बदल नाही. सुनंदाराजे यांचा मी ऋणी आहे.