ड्रायव्हरचा चेहरा

बीर सालिम गावच्या कॅफेत एकही बाई कधी बसली नव्हती, म्हणून वसीलाने त्या कॅफेत बायका बसवल्या. लाकडात.

शेतात राबणाऱ्या गावातल्याच बायका तिने फळीवर कोरल्या. डोक्याच्या रुमालावर गवती टोप्या, पाय लांब पसरलेले, हातात पत्ते, समोर चहाचे ग्लास. आणि भोवती पुरुष. कुणी कणीक मळतोय, कुणी पोर कडेवर घेऊन मिरच्या भाजतोय, एक मिशीवाला दोरीवर धुणं वाळत घालतोय. फळीवर रुळाने काळी शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि जुन्या लोखंडी प्रेसखालून काढायचा. कोरलेलं पांढरं उमटतं, न कोरलेलं काळं राहतं. गावातल्या शाळेत ती चित्रकला शिकवायची आणि शाळा सुटली की भावाच्या गॅरेजमध्ये येऊन हेच करत बसायची. चाळिशीला आली होती, लग्न केलं नव्हतं.

चित्रातला तो मिशीवाला म्हणजे तिचा धाकटा भाऊ तुहामी. आईचा झगा कमरेला गुंडाळून तिने त्याला गॅरेजमध्ये उभा केला होता.

"अगं उख्ती, ताई, आटप लवकर. कुणी पाहिलं ना, तर मला मुलगी द्यायचं सोडून मलाच मागणी घालायला येतील."

"हलू नकोस. मिशी वाकडी होईल."

"मिशी तरी राहू दे बाई! पुरुषाची तेवढीच खूण ठेवलीयस."

शेजारची अल्जिया चित्रात स्वतःला बघायला आली. पन्नाशीची बाई, हात ऑलिव्हच्या फांद्यांनी ओरबाडलेले. चित्रापुढे उभी राहून तिने बराच वेळ डोळे बारीक केले.

"मी इतकी जाड आहे होय गं?"

"बसलेली बाई जाडच दिसते, अल्जिया."

"मग असू दे," अल्जिया म्हणाली. "बसलेय ना? बास."

कॅफेवाल्या सी अम्मारला चित्र आवडलं नाही. "माझ्या खुर्च्या मोडतील," एवढंच तो म्हणाला आणि पुरुष खो खो हसले. पण ट्युनिसच्या एका गॅलरीच्या मालकीणबाईंना, माद्दाम दुर्राला, ती चित्रं फार आवडली. त्यांनी ती भिंतीवर लावली आणि वसीलाचं नाव राजधानीत चार लोकांना कळलं. भावाची मिशी तिथे श्रीमंत बायकांना हसवून आली.

या भावाकडे एक उघडा ट्रक होता. आई मबरूकाने सोन्याच्या बांगड्या मोडून त्याला तो घेऊन दिला होता. पहाटे तो गल्लोगल्ली हॉर्न वाजवत जायचा, बायका मागे चढायच्या आणि तो त्यांना बड्या बागायतदारांच्या मळ्यावर नेऊन सोडायचा. निघण्याआधी तो मागच्या फळ्यांवर पाणी मारायचा. ओल्या फळ्यांवर कुणी बसत नाही. उभ्या राहिल्या की दुप्पट मावतात. सगळेच ट्रकवाले असं करायचे.

वसीलाने त्याला एकदा विचारलं होतं.

"अरे, त्या दिवसभर वाकून काम करतात. येता-जाता तरी बसू दे की."

"बसवतो. मग निम्म्या मागे राहतील, त्यांना तू जाऊन सांग. दाराशी येऊन रडतात, आम्हाला घे म्हणून. तुला सांगतात का कधी?"

वसीला स्वतः शिकली होती तीसुद्धा अशाच ट्रकवर. तेव्हा ट्रक दुसऱ्याचा होता आणि मागे उभी असायची ती मबरूका. कितीतरी वर्षं उभी राहिली होती ती, पोरीला कैरुआन शहरातल्या कलाशाळेत ठेवायला.

ऑलिव्हच्या तोडणीचे दिवस होते. सकाळी धुकं होतं. कोरड्या ओढ्याच्या वळणावर ट्रकचा पुढचा टायर फुटला, झिजून गुळगुळीत झालेला टायर, आणि ट्रक बायकांसकट ओढ्यात उलटला. पाच जणी जागच्या जागी गेल्या. अल्जिया त्यांतली एक. तुहामीच्या खांद्याजवळचं हाड मोडलं, बाकी काही नाही.

टीव्हीवाले आले. काळ्या गाड्यांतून मोठी माणसं आली, ओढ्याच्या काठावर उभी राहिली, बायकांसाठी बस सुरू करू म्हणाली. सगळ्यांनी ऐकून घेतलं. गाड्या वळल्या तेव्हा धुरळा उडाला आणि मागे उभ्या बायका खोकल्या.

वसीलाने शाळेला रजा टाकली आणि मोठी फळी घेतली. ट्रक आडवा कोरला, त्यात खेटून उभ्या बायका. त्या पाच जणींचे चेहरे हुबेहूब, बाकीच्यांचे साधे. अल्जियाची ती बारीक नजर तिने तीनदा पुसून पुन्हा रेखली, मग कोरली. पुढे केबिन आली. चाक आलं, दार आलं. ड्रायव्हरच्या खिडकीपाशी कोरणी थांबली. तेवढी जागा तिने तशीच सोडली. कागदावर तिथे काळा चौकोन उमटला.

माद्दाम दुर्राचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

"वसीला, ती काळी खिडकी! तिथे कुणीही असू शकतं. सगळी व्यवस्थाच बसलीय गं तिथे."

वसीलाला ते ऐकून बरं वाटलं. आपण असाच विचार केला होता, असं तिने स्वतःला पटवलंही. ऑगस्टमध्ये तिथल्या महिला दिनाला तेच चित्र भिंतीएवढं करून मंचामागे लावलं गेलं. त्याच्यापुढे भाषणं झाली. वसीलाला फुलांचा गुच्छ मिळाला. सभागृहात गारवा होता आणि प्रत्येकीला बसायला मऊ खुर्ची होती.

तोपर्यंत तुहामी कोठडीतून सुटून घरी आलाही होता. गावातली वडीलधारी माणसं कॉफी-साखर आणि मेंढ्या घेऊन पाचही घरी जाऊन आली होती. अल्लाची मर्जी म्हणाली, तुहामी आपलाच पोर आहे म्हणाली. पाचही घरांतल्या पुरुषांनी माफ केलं. बायकांना कुणी विचारलं नाही. आणि ज्यांनी माफ करायचं त्या तर कबरीत होत्या. ज्याच्या मळ्यावर ट्रक चालला होता, त्या बागायतदाराचं नाव कुणी काढलं नाही.

सणाच्या दिवसांत अल्जियाची मुलगी शादलिया गॅरेजमध्ये आली. विशीतली पोरगी, आईसारखीच डोळे बारीक करून बघणारी. चित्राची एक प्रत भिंतीला लावलेली होती. ती तिच्यापुढे उभी राहिली.

"उम्मी छान आलीय," ती म्हणाली.

"बस ना, शादलिया. चहा टाकते."

"नको. लल्ला वसीला, एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"माझ्या आईचा चेहरा आहे. त्या चौघींचाही आहे. चाकाचे बोल्टसुद्धा मोजून घ्यावे असे काढलेत. मग ड्रायव्हरलाच चेहरा का नाही?"

"तिथे... म्हणजे तो एकटाच दोषी नाही ना. रस्ता आहे, मळेवाले आहेत, सरकार आहे..."

"हो का?" शादलिया म्हणाली. "म्हणजे मेलो आम्ही नावानिशी आणि मारणारा सगळा देश. बरं जमवलंत." आणि दाराशी जाऊन वळली. "तुमचा भाऊ नसता तर मिशीसकट काढला असतात."

वसीला त्या दिवशी चिडली. पोरीला काय कळतंय, असं स्वतःशी म्हणाली. शाळेत मुलांवर ओरडली. पण फळीकडे बघितलं की त्या काळ्या चौकोनाखाली लाकूड शाबूत आहे हे तिला कळत होतं. कोरलेलं भरता येत नाही. न कोरलेलं मात्र कधीही कोरता येतं. तिने टाळलं होतं, आणि टाळलेलं तिथे तसंच होतं.

एका शुक्रवारी, गाव मशिदीत असताना, तिने कोरणी घेतली. भावाचा चेहरा तिला बघून काढायची गरज नव्हती. लहानपणी तापात त्याच्या कपाळावर पट्ट्या तिनेच ठेवल्या होत्या. कपाळ आलं, नाक आलं, मिशी आली. डोळे रस्त्याकडे नव्हते, मागच्या आरशाकडे होते, मागे आणखी किती मावतील ते बघणारे.

पहिली प्रत तिने आईला दाखवली. मबरूका अंगणात भाकरीच्या भट्टीपाशी होती. तिने हात पुसून कागद घेतला.

"हे कोण बघणार?"

"सगळे."

"पुसून टाक."

"लाकूड आहे उम्मी. पुसता येत नाही."

"मग जाळ, भट्टी पेटलेलीच आहे." मबरूकाचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "असल्याच ट्रकमध्ये उभी राहून मी तुला चित्र काढायला शिकवलं. ते याच्यासाठी? माझ्या पोराला भिंतीवर टांगायला?"

"आणि अल्जिया? ती तुझी मैत्रीण होती."

"अल्जिया गेली. हा उरलाय. म्हातारपणी मला हा बघणार आहे, तू नाही. तुला ना घर ना दार. तुला काय, खरं बोलायला मोकळी तू."

वसीलाने फळी जाळली नाही. तुहामीने चित्र बघितलं तेव्हा तो आरडाओरडा करेल असं तिला वाटलं होतं. त्याने आरशाकडे बघणाऱ्या त्या डोळ्यांवर बोट ठेवलं.

"धुणं वाळत घालणाऱ्याला काढलंस तेव्हा मी उभा राहिलो होतो तुझ्यासाठी," तो म्हणाला. "या वेळी विचारलंही नाहीस."

"विचारलं असतं तर उभा राहिला असतास?"

"गॅरेज मोकळं कर."

प्रेस मात्र बाहेर काढता आलं नाही. ते लोखंडी धूड हलवायला ट्रक लागतो, आणि गावातला एकही ट्रकवाला ते उचलायला तयार होईना. ते तिथेच राहिलं. तुहामी आता त्याच्यावर टायर रचून ठेवतो. वसीलाने शाळेजवळ एक खोली भाड्याने घेतली. कागदाची पाठ चमच्याने घासून घासून ती प्रती काढू लागली. एका प्रतीला अर्धी दुपार जायची आणि मनगट सुजायचं.

माद्दाम दुर्राला तिने नवी प्रत पाठवली. फोन आला, पण आवाज भरलेला नव्हता.

"वसीला, राणी, हे आता भावाबहिणीचं भांडण वाटतं बघ. पूर्वीचं किती मोठं होतं! लोक तेच मागताहेत. त्याच्या आणखी प्रती नाही का निघणार?"

"नाही निघणार. फळी एकच आहे."

"अरेरे," माद्दाम दुर्रा म्हणाल्या, मनापासून.

मग वसीलाने चित्रं आपल्याच गावात लावली. तेलघाण्याच्या भिंतीवर, बाजाराच्या कमानीवर, कॅफेच्या समोर. शादलियाने तिच्याबरोबर खळ लावली. दुपारपर्यंत ती फाडली गेली. शादलियाच्या बापाने स्वतःच्या हाताने दोन फाडली. माफ केल्यावर पुन्हा तोंड वर काढणं बरं दिसत नाही, म्हणाला. शाळेत मुख्याध्यापकांनी बोलावून सांगितलं की, कला वर्गात असावी, रस्त्यावर नसावी. ईदच्या जेवणाला घरून बोलावणं आलं नाही.

पुन्हा तोडणीचे दिवस आले. बस आली नव्हती. तुहामीने दुसरा ट्रक घेतला, निळा, पहिल्यापेक्षा लांब. एका पहाटे वसीला भाकरी आणायला निघाली, तर कोपऱ्यावर तो उभा होता, इंजिन चालू, मागच्या फळ्यांवरून पाणी ठिबकतंय. बायका चढत होत्या. शेवटची शादलिया.

"तू?" वसीलाच्या तोंडून निघालं. "त्याच्या ट्रकमध्ये?"

"मग कुणाच्या? चित्रातल्या?" शादलिया म्हणाली. रागाने नाही, थंडीने तिचे दात वाजत होते. "बापाला आता दम लागतो. घरात दोन लहान आहेत. दुसरा ट्रक ओढ्यापलीकडून जातो, तिथवर चालत कोण जाईल?"

तिने कडीला हात घातला, एक पाय चाकावर ठेवला, पण ट्रक उंच होता आणि चाक चिखलाने निसरडं. वरच्या बायका इतक्या खेटून उभ्या होत्या की कुणालाच खाली वाकता येईना.

"लल्ला वसीला, जरा हात द्या ना."

आरशात तुहामीचे डोळे मागे बघत होते. वसीलाने हात पुढे केला, शादलियाचा पाय ओंजळीत घेतला आणि तिला वर ढकललं. बायका आणखी खेटल्या, शादलिया आत मावली. ट्रक निघाला.

वसीलाच्या तळहातांना गार चिखल लागला होता. तो तिने झग्याला पुसला आणि भाकरीच्या रांगेत जाऊन उभी राहिली.