चार नंबरच्या बोअरचं पाणी

गल्लीत तिला बाटलीबाई म्हणत. नवीन भाडेकरू हे नाव ऐकून आधी दचकत, मग दर तीन महिन्यांनी तिच्या दाराशी उतरणारे रिकाम्या बाटल्यांचे खोके बघत आणि त्यांचा संशय पक्का होई. तिला त्याचं काही वाटत नसे. उलट कुणी विचारलंच, तर बाटलीशिवाय आपलं घर चालत नाही असं सांगून ती समोरच्याचं तोंड बघत उभी राही.

तिचं काम पाण्याचे नमुने घेण्याचं. शहराच्या टोकाला, जिथे डांबरी रस्ता संपून ट्रकांच्या चाकोऱ्या सुरू होतात, तिथे कारखान्यांचा विषारी कचरा पुरायची जागा होती. रंगाचा गाळ, धातूला मुलामा देणाऱ्या कारखान्यांतला चिखल, जुन्या बॅटऱ्यांची राख. जे दुसरं कुणी दारात उभं करणार नाही ते सगळं तिथे मोठाल्या खड्ड्यांत, चिकणमाती आणि जाड प्लास्टिकच्या अस्तरावर पुरलं जाई. अस्तर कुठे दगा देत असेल तर वरून काही दिसत नाही. म्हणून खड्ड्यांच्या भोवती जमिनीत सहा बोअर घेतलेले होते, जेमतेम हात जाईल एवढे, वर कुलूपबंद टोपण. त्यांतलं पाणी तपासलं की जमिनीखाली काय चाललंय ते कळायचं. सासूबाईंना ती सांगे, पोटातलं कळावं म्हणून रक्त तपासतात ना, तसंच. सासूबाई विचारत, मग जमिनीला आदल्या रात्रीपासून उपाशी ठेवतेस का? ती म्हणे, जवळजवळ तसंच. बोअरमध्ये साठलेलं शिळं पाणी आधी उपसून टाकायचं, आतून ताजं येऊ लागलं की मगच बाटली भरायची.

या कामाचा जाच मात्र सगळ्या घराला. नमुन्याच्या आदल्या दिवशी घरात फिनेल नाही, अगरबत्ती नाही, केसांना वासाचं तेल नाही; त्यांतलं काही पाण्यात उतरलं तर नमुना फुकट. नवऱ्याने स्कूटरमध्ये पेट्रोल भरायचं नाही, आणि भरलंच तर बाटल्यांच्या खोलीत पाऊल टाकायचं नाही. मुलीने एकदा त्या खोलीत नखांना रंग लावला होता, तेव्हा तिने दोन खोके तसेच परत पाठवले आणि मुलीशी आठवडाभर मोजकंच बोलली. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता. तो म्हणे, आमच्याकडे गिऱ्हाइकाला दिसत नसतं, हिच्याकडे जे दिसत नाही त्याचीच दहशत.

नम्रपणा हा तिचा गुण नव्हता. रसायनशास्त्राची पदवी होती, हात स्थिर होता, आणि दोन्हींची तिला पूर्ण जाणीव होती. इतक्या वर्षांत तिचा एकही नमुना नाकारला गेला नव्हता, आणि ही गोष्ट ती बोलण्याच्या ओघात बरोबर आणत असे. प्रयोगशाळेतही तिचा असा दबदबा, की आलेल्या बाटल्या नोंदवून घेणारा माणूस इतरांच्या बाटल्यांत आम्ल तपासायची कागदी पट्टी बुडवून बघे, तिच्या बाटल्या तशाच आत पाठवी. त्या पट्टीचं कारण साधं होतं. शिशासारखे धातू तपासायचे तर बाटलीच्या तळाशी आधीच आम्लाचे थोडे थेंब घालून ठेवलेले असतात. ते नसले तर पाण्यातलं शिसं बाटलीच्या अंगाला चिकटून बसतं आणि यंत्राला सापडत नाही.

खड्ड्यांच्या उताराखाली एक वस्ती होती. तिची थोरली नणंद तिथे राही. वस्तीला नळ नव्हता, टँकर येई, आणि टँकर आला की नणंद हातातला फोनसुद्धा टाकून पळे. अखेर पाणीखात्याने वस्तीजवळ नवी विहीर खोदली, पंप बसवला, टाकी रंगवली. आणि नेमकं तेव्हाच चार नंबरच्या बोअरमध्ये, जो खड्डे आणि वस्ती यांच्या मधोमध होता, शिसं किंचित वाढलेलं निघालं. मर्यादेच्या आतच होतं, पण आधी कधी नव्हतं एवढं. खात्याने ठरवलं, पुढच्या तिमाहीत चार नंबर स्वच्छ आला तर विहीर सुरू करायची, नाहीतर नाही.

त्या तिमाहीचे नमुने तिने नेहमीच्याच काटेकोरपणे घेतले. आधी वरच्या अंगाचे, स्वच्छ समजले जाणारे बोअर, शेवटी चार नंबर. आठवडाभराने निकाल आला. चार नंबरमध्ये शिसं जवळजवळ नव्हतंच. नणंदेने फोनवर तिला इतकं डोक्यावर घेतलं, की पलीकडे खरंच आपली नणंद आहे ना अशी तिला शंका आली.

रविवारी नणंद घरी आली. चहा झाला. सासूबाई खिडकीत बसून नणंदेच्या धाकट्यासाठी पिवळा स्वेटर विणत होत्या आणि लोकरीला शिव्या देत होत्या. लोकर भिकार निघाली, रंग जातो, बोटं पिवळी झालीत आणि कितीही घासलं तरी निघत नाहीत, हे रडगाणं घरात दहा-बारा दिवस चाललं होतं. बाटलीबाईने ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं होतं. तेव्हा नणंद म्हणाली, "आई, पण लोकर पांढरी का नाही झाली मग? आणि रंग फक्त चिमटीलाच लागलाय, सुया धरतेस त्या बाकीच्या बोटांना नाही."

बाटलीबाईने कप खाली ठेवला. सासूबाईंचा हात उन्हात धरून उलटसुलट केला. अंगठा आणि दोन बोटं, टोकाला पिवळी, जराशी कडक. असा डाग तिने कॉलेजात पहिल्याच वर्षी स्वतःच्या अंगठ्यावर बघितला होता. नत्राम्ल कातडीला लागलं की असंच होतं, आणि साबणाने ते जात नाही.

"आई, माझ्या बाटल्यांना हात लावलात?"

सासूबाईंनी हात सोडवून घेतला. मग म्हणाल्या, "हात कसला. धुतल्या फक्त. नव्या बाटल्या म्हणतेस आणि सगळ्यांच्या तळाशी दोन-दोन थेंब घाण. मेल्याने पुसूनसुद्धा पाठवल्या नव्हत्या. म्हटलं, तू पहाटे उठून एवढ्या लांब जातेस, तेवढी तरी मदत."

घाण म्हणजे आम्ल. बाटलीवर मोठ्या अक्षरांत उघडू नका असं लिहिलेलं होतं. पण चष्म्याच्या दुकानातल्या माणसाची आई चष्मा लावत नसे. लावला की म्हातारं दिसतं म्हणे. बोटं चुरचुरली होती, तो त्यांनी साबणाच्या सोड्याचा गुण मानला. बाटल्या त्यांनी स्वच्छ कापडावर पालथ्या वाळवल्या आणि बुचं घट्ट लावून खोक्यात होत्या तशा ठेवल्या. काम तर सुबक होतं.

तिने तिथल्या तिथे हिशेब केला. बाटल्यांत आम्ल नव्हतं. तिने भरताना बघितलं नाही, कारण इतक्या वर्षांत बघायची गरज पडली नव्हती. नोंदणीवाल्याने पट्टी बुडवली नाही, कारण बाटल्या तिच्या होत्या. चार नंबर स्वच्छ ठरलाच नव्हता, चार नंबरबद्दल कुणाला काहीच माहीत नव्हतं. आणि विहीर बुधवारी सुरू होणार होती.

नणंद समोरच बसली होती. तिला सगळं कळायला वेळ लागला, आणि कळल्यावर ती एवढंच म्हणाली, की हे या खोलीच्या बाहेर जायलाच हवं असं नाही. मग पिशवी उचलून निघून गेली.

सोमवारी बाटलीबाईने प्रयोगशाळेच्या मॅडमना गाठलं. मॅडम वाईट नव्हत्या, पण दमलेल्या होत्या. त्यांनी तिला समजावलं, की निकाल मागे घेतला तर आधीचे सगळे निकालही लोक उकरून काढतील, कंत्राट जाईल, आणि खापर तिच्या डोक्यावर फुटेल. विहीर सुरू होऊ दे, पुढच्या तिमाहीत नीट घेऊ, असंही त्या म्हणून बघत होत्या. तिने विचारलं, तोवर ते पाणी मॅडम स्वतः पितील का. मॅडमनी पेनाचं टोपण लावून पेन बाजूला ठेवलं. शेवटी म्हणाल्या, निकाल मागे घेते, पण वस्तीसमोर उभं राहून कारण तू सांगायचं, मी नाही.

मंगळवारी संध्याकाळी वस्तीच्या शाळेत सभा होती, विहिरीच्या तयारीची. सासूबाई हट्टाने बरोबर आल्या. बाटलीबाईने उभं राहून सांगितलं, की माझ्या बाटल्यांत आम्ल नव्हतं, मी ते बघायला हवं होतं, बघितलं नाही, तेव्हा हा निकाल धरू नका आणि विहीर उघडू नका. आपल्या तोंडून आपली चूक ऐकण्याची तिला सवय नव्हती. आवाज नको तिथे चढत होता.

खड्ड्यांचा व्यवस्थापक पुढच्या बाकावर होता. तो गोड बोलणारा माणूस. म्हणाला, ताईंना चांगला निकालसुद्धा सहन होत नाही असं दिसतं; कागदावर सगळं ठीक आहे, लोक तहानलेले आहेत, उद्या पंप सुरू करू आणि तपासणी काय, नंतरही होते. टाळ्या पडल्या. नणंद उठली. आवाज रडवेला होता, पण शब्द धारदार. "वहिनी, इतकी वर्षं मी टँकरमागे धावतेय. तुझी एक बाटली चुकली म्हणून आम्ही अजून किती धावायचं?"

बाटलीबाईकडे उत्तर होतं, पण ते रसायनशास्त्राचं होतं, आणि त्या खोलीत ते कुणालाच हवं नव्हतं.

तेव्हा सासूबाई उठल्या. बाकांना धरत-धरत पुढे गेल्या आणि त्यांनी पिवळी बोटं सगळ्यांसमोर धरली. "तिची नाही, बाटली माझी चुकली. मी धुतली."

मागून कुणीतरी विचारलं, "साबण लावून?"

"दोनदा," सासूबाई म्हणाल्या.

सगळी खोली हसली. व्यवस्थापकसुद्धा. हसू ओसरेपर्यंत सासूबाई हात तसाच धरून उभ्या होत्या, मग लेकीकडे वळल्या. "दोन थेंबांनी माझी ही गत केली. त्या पाण्यात काय आहे ते मला माहीत नाही, हिला माहीत नाही, त्या पुढच्या बाकावरच्या साहेबालाही माहीत नाही. मी घासलेल्या बाटल्यांच्या भरवशावर माझी नातवंडं पाणी पिणार असतील, तर उद्या मी त्या पंपाच्या बटणावरच बसते. मग करा सुरू."

त्या बसतील याबद्दल नणंदेला शंका नव्हती. तिने डोळे पुसले आणि खाली बसता बसता म्हणाली, "घ्या मग नमुना परत. पण या वेळी मी समोर हजर राहणार."

ती खरंच हजर राहिली, वस्तीतल्या आणखी एका बाईला घेऊन. बाटलीबाईने नणंदेला फाटकातूनच परत पाठवलं, कारण केसांना चमेलीचं तेल होतं. नणंद चरफडत घरी गेली, टँकरचं पाणी खर्चून डोकं धुऊन आली आणि ओल्या केसांनी चार नंबरजवळ उभी राहिली. पंप सुरू झाला. आधी गढूळ, मग स्वच्छ पाणी येऊ लागलं. नणंदेने विचारलं, आता भरायची? बाटलीबाई म्हणाली, अजून नाही. आकडे स्थिर व्हायला हवेत. पाण्याचं तापमान यंत्रावर जागच्या जागी थांबल्यावर तिने बाटली उघडली, तळाचे थेंब नणंदेला दाखवले आणि भरली. प्रयोगशाळेत या वेळी पट्टी बुडवली गेली, आणि ती मॅडमनी स्वतः बुडवली.

चार नंबरमध्ये शिसं मर्यादेच्या बरंच वर निघालं.

खड्ड्यात झिरपणारं विषारी पाणी गोळा करून टाकीकडे नेणारा एक पाईप होता. त्याचा जोड अस्तराच्या बाहेर, नेमका उताराच्या अंगाला तडकला होता. तीन दिवस खणल्यावर तो सापडला. हे मात्र कबूल करायला हवं, की गोड बोलणारा व्यवस्थापक त्या तीन दिवसांत घरी गेला नाही, आणि तडा सापडला तेव्हा बुटांसकट चिखलात उतरून त्याने तो बाटलीबाईला हाक मारून दाखवला. विष अजून वस्तीपर्यंत पोचलं नव्हतं. नव्या विहिरीचा पंप जोरात सुरू झाला असता, तर त्यानेच ते खेचून आणलं असतं. हे ऐकल्यावर वस्तीतल्या बायका दुसऱ्याच दिवशी पाणीखात्याच्या दारात जाऊन बसल्या, पुढे नणंद. विहीर नको, शहराचा नळ हवा, आणि खर्च ज्यांचा पाईप फुटला त्यांनी करायचा. खात्याने बरीच टोलवाटोलवी केली. पण नणंदेने इतकी वर्षं टँकरवाल्यांशी भांडून घसा कमावला होता, तो कामी आला. तिने आणखी एक अट घातली, की बोअरचे नमुने बाटलीबाईच घेणार, आणि वस्तीतलं एक माणूस दर वेळी समोर असणार. मॅडमचं कंत्राट त्या अटीपायीच टिकलं.

चार नंबरचा आकडा पुढच्या तिमाहीत उतरला, त्याच्या पुढच्या तिमाहीत आणखी उतरला. दरम्यान वस्तीत नळ आले. नळ आले तरी बाटलीबाईने नणंदेला पाणी पिऊ दिलं नाही. आधी तिने त्या नळाचा नमुना घेतला, तो तपासायला दिला, आणि निकाल येईपर्यंत नणंदेच्या घरातल्या सगळ्यांनी, हो, टँकरचंच पाणी प्यायलं. नणंदेने त्या चार दिवसांत तिला जे काही ऐकवलं ते सासूबाईंनी ऐकू येत नसल्यासारखं करून सगळं ऐकलं.

पाचव्या दिवशी बाटलीबाई निकाल घेऊन गेली. नणंदेने घरातलं प्रत्येक भांडं, बादली, पातेलं, मुलांच्या शाळेच्या बाटल्यासुद्धा भरून ओळीने मांडल्या होत्या. भांडी संपली होती, नळ चालूच होता, आणि आता आणखी कशात भरायचं हे न सुचून ती नुसती उभी होती. बाटलीबाईने पुढे होऊन नळ बंद केला. उद्याही येणार आहे, म्हणाली.

नणंदेने पेला भरला. तोंडाशी नेला आणि थांबली.

"वहिनी, पिऊ?"

"पी."