मालक नसलेलं अॅप आणि टॉवेल-टोपी

जगात मालक म्हणून कोणी उरूच नये, असं आमच्या दाजींना मनापासून वाटतं. अपवाद फक्त मंठ्यातल्या त्यांच्या बियाण्यांच्या दुकानाचा. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या ताईचे यजमान. गिऱ्हाईक कपाशीची पिशवी मागायला येतं आणि अर्ध्या तासानं 'विकेंद्रित' हा शब्द घेऊन रिकाम्या हातानं घरी जातं. खताच्या पोत्यांमागं एक जुना कॉम्प्युटर घरघरत असतो, तेच त्यांचं व्हिडिओ बघायचं बिनमालकाचं अॅप. "गावोगावी अशी मशिनी, एकमेकींला जोडेल. बघणाऱ्याचा पैसा सीधा कलाकाराच्या खात्यात. मधी कोणीच न्हाई, बिलकुल न्हाई." मधी तुम्ही आहातच की, असं मी एकदा म्हणालो, तर दोन दिवस बोलले नाहीत. एका तेराव्याला त्यांनी भजनी मंडळाच्या पेटीवर क्यूआर कोड चिकटवला. ताईनं तो तिथंच सगळ्यांसमोर खरवडून काढला.

पण कलाकार त्यांना मिळाली एकच, वडीगोद्रीची पारूबाई. ती आपल्या शेळ्यांना झाडते आणि त्याचे व्हिडिओ टाकते. शेळीच्या निमित्तानं सरपंचापासून जावयापर्यंत सगळ्यांचा उद्धार होतो. मोठ्या अॅपनं शिव्या देते म्हणून तिचं खातं बंद केलं, तेव्हा दाजींनी तिला आपल्या अॅपवर घेतलं. बाईचं मागणं साधं होतं: "दुसऱ्याच्या रानात कापूस येचणं सुटलं तं लई झालं." दाजींनी दुकानात जाहीर केलं, "दिवाळीनंतर पारूबाई मजुरीला जाणार न्हाई. लिहून घ्या."

आणि पैसे खरंच आले. चाळीसेक जणांनी पाठवले, प्रत्येकाच्या नावासकट. दाजींनी पेढे वाटले. पंधरा दिवसांनी पारूबाई एसटीतून उतरून भलं मोठं गाठोडं घेऊन दुकानात आली. आत चाळीस टॉवेल, चाळीस टोप्या. "लोकांनी आहेर केला, दाजी. परत नको का करायला?"

आलेला सगळा पैसा त्या गाठोड्यात गेला होता. दाजींनी तासभर समजावलं की हा आहेर नव्हे, ही तुमची मजुरी. बाई शांतपणे म्हणाली, "मजुरी म्हणता, मंग मी त्यांच्या रानात कवा गेल्ते?" पैसे पाठवणाऱ्या चाळिसांत दाजीही होते. त्यांनी मान खाली करून टोपी घालून घेतली. मला मात्र टॉवेल आला नाही. सगळे व्हिडिओ पोट धरून बघितले होते, रुपया पाठवला नव्हता. लाज वाटली.

मग दाजींनी युक्ती केली. पाठवणाऱ्याचं नाव दिसणंच बंद केलं, म्हणजे परतफेड कोणाची करणार? झालं, लोकांनी पैसे पाठवणंही बंद केलं. बिननावाचा आहेर कोण करतो? दिवाळी झाली, पारूबाई पुन्हा कापसात. गावानं दाजींची भरपूर टर उडवली, त्यात मीही होतो.

आता दर रविवारी तिच्या खात्यात दोनच बिननावी रकमा पडतात. एक माझी. दुसरी कोणाची ते ताईला ठाऊक आहे, दुकानाच्या गल्ल्याचा हिशेब तीच ठेवते. दोन्ही मिळून एका दिवसाची मजुरी होते. सोमवारी पारूबाई कापसाला जात नाही, बांधावर बसून शेळ्यांना शिव्या देते.