चाळिसावं खातं

एमबीएच्या पहिल्या वर्षानंतर दोन महिने कुठेतरी राबावं लागतं, त्याला इंटर्नशिप म्हणतात. मी फायनान्स घेतलं होतं, त्यामुळे माझ्या डोक्यात चार-चार स्क्रीन, लाल-हिरवे आलेख आणि फोनवर भराभर बोलणारी माणसं होती. गंगापूर रोडवर एका शेअर ब्रोकरच्या ऑफिसात मला घेतलं तेव्हा आईनं गल्लीत पेढे वाटले. पहिल्या दिवशी मी इस्त्रीचा शर्ट घालून गेले. ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट बंद. एसी फक्त सरांच्या केबिनमध्ये. भिंतीवर एक टीव्ही होता, त्यावर बाजाराचं चॅनल आवाज बंद करून दिवसभर चालायचं. दोन महिन्यांत बाजाराशी माझा संबंध आला तो तेवढाच.

आमचे सर सव्वीस वर्षांचे होते आणि मे महिन्यात टाय लावायचे. त्यांनी आम्हा सहा जणांना बसवून सांगितलं, "दोन महिन्यांत चाळीस डीमॅट खाती. चाळीस झाली की कायमची नोकरी. एकोणचाळीस झाली तर थँक्यू." डीमॅट म्हणजे शेअर ठेवायचं खातं. शेअर घ्यायचेच असं नाही, नुसतं खातं उघडलं तरी ऑफिसच्या वहीत एक आकडा पडतो. मी विचारलं, "सर, सुरुवात कुठून करायची?" ते म्हणाले, "आधी घरचे. घरच्यांना नाही म्हणता येत नाही."

मग काय, सनकोट चढवला, तोंडाला स्कार्फ बांधला आणि स्कूटीवरून नाशिक पालथं घातलं. बाबा, आई, भाऊ, वरच्या मजल्यावरचे जोशीकाकू-काका, बाबांच्या जुन्या कंपनीतले चार मित्र, आमचा दूधवाला. रोज संध्याकाळी सहा वाजता ग्रुपवर आकडा टाकायचा. ज्याचा शून्य, त्याच्या नावापुढे सर उलटा अंगठा टाकायचे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, पण दुसऱ्या दिवशी मी पुन्हा कुणाच्या तरी दारात उभी. लोक पाणी द्यायचे, सरबत द्यायचे, आणि "बघू हं पुढच्या आठवड्यात" म्हणायचे. रात्री पाठ टेकली की झोपसुद्धा यायची नाही, इतकी मी दमलेली असायचे. बाबांना त्याच वर्षी कंपनीनं घरी बसवलं होतं. ते मला काही बोलायचे नाहीत, फक्त मी आले की पंखा माझ्याकडे वळवून ठेवायचे. ती नोकरी मला हवीच होती.

शेवटचा दिवस आला तेव्हा माझी एकोणचाळीस झाली होती. आणि नेमकं त्या दिवशी दिंडोरीजवळ मावशीच्या गावात लग्न. मावशीच्या पुतण्याचं. मी आईला म्हटलं, मी येत नाही, मला एक खातं हवंय. आई म्हणाली, "अगं, मावशी नाहीये का?"

मांडव मावशीच्या अंगणातच होता. मागे द्राक्षाच्या बागेत खरड छाटणी होऊन गेली होती, नुसत्या काड्या आणि तारा. भावकी सगळी जमलेली, म्हणून मावशीच्या डोक्यावरचा पदर जराही हलत नव्हता. मी तिला एका खांबाआड गाठलं. ती म्हणाली, "तुझं काम हाय ना? मग इचारती कशाला? कर."

ॲपला तिचा चेहरा हवा होता. मी मोबाइल धरला, तर स्क्रीनवर "चेहरा स्पष्ट दिसत नाही". पुन्हा तेच. पदरामुळे कान, कपाळ काही दिसेना, आणि थोरल्या दिरांच्या देखत ती पदर काढायची नाही. शेवटी आम्ही मागच्या खोलीत गेलो, जिथे फवारणीचे ड्रम आणि औषधांचे रिकामे डबे ठेवतात. दार लोटून तिनं पदर खाली घेतला. तिचे केस इतके पांढरे झालेत हे मला माहीतच नव्हतं. ॲप म्हणालं, डोळे मिचकावा. तिनं मिचकावले आणि लाजून हसली, "अगं बाई, या वयात डोळे मारायला लावते का!"

मग बँक खातं. त्यांचं दोघांचं खातं गावच्या सोसायटीत होतं, आणि ॲपच्या यादीत ती सोसायटी नव्हती. मी विचारलं, दुसरं नाही का गं कुठे? मावशीनं लोटलेलं दार नीट लावून घेतलं. मग कोपऱ्यातल्या बाजरीच्या कोठीत हात घालून तिनं कापडात गुंडाळलेलं पासबुक काढलं. दिंडोरीच्या एका बँकेतलं, तिच्या एकटीच्या नावाचं.

"तुझ्या काकाला ठावं नाय," ती म्हणाली. "बांधावरची कोथिंबीर, दसऱ्याचा झेंडू, सगळं यात हाय. सहा वर्सं झाली. पोरीला नर्सिंगला घालायचंय नाशकात. हे म्हणत्यात, शिकून काय दिवे लावायचे, दोन वर्सांत उजवून टाकू. पण फी भरून मोकळी झाली की काय करतील? कोणाला बोलू नको बरं."

पोरगी म्हणजे माझी मावसबहीण. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेली, आणि त्या वेळी बाहेर पंगतीत मठ्ठा वाढत होती. मी म्हटलं, मी कशाला सांगतेय. आणि खात्याचा नंबर टाकला.

आता ओटीपी. आधारला जो मोबाइल जोडलेला, त्याच्यावर येतो. मावशीकडे मोबाइल नव्हताच. तिच्या आधारला काकांचा नंबर होता, गावात बहुतेक बायकांच्या आधारला असतो तसा. काका मांडवात माइकवर बसले होते, आहेर कुणी काय केला ते पुकारत. मी जाऊन सांगितलं, काका, मावशीचं शेअरचं खातं उघडतेय, नंबर येईल तेवढा सांगा. ते खूश. "उघड की! शेठाणी कर आमच्या बायकोला!" फोन वाजला आणि त्यांनी तो नंबर माइकवरच वाचला, "चार, शून्य, सात, सात..." अख्ख्या मांडवानं ऐकला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मीही हसले. सहाला दहा मिनिटं कमी होती.

मला तेव्हा कळलं नव्हतं असं म्हटलं तर ते खोटं होईल. पुढच्या पानावर विचारतात, यापुढचे सगळे मेसेज कोणत्या नंबरवर पाठवायचे? तिथे काकांचाच नंबर आपोआप आला होता. माझं बोट त्या रकान्यावर थांबलं. बदलायचा तर मावशीच्या नावावर सिम घ्यावं लागणार, म्हणजे दोन दिवस. माझ्याकडे दहा मिनिटं होती. मी स्वतःला सांगितलं, काका कुठे मेसेज वाचतात? आणि पुढे गेले. सहाला तीन मिनिटं असताना ग्रुपवर चाळीस टाकलं. सरांनी सरळ अंगठा पाठवला. त्या आनंदात मी दोन जिलब्या जास्तीच्या खाल्ल्या.

तिसऱ्या दिवशी काकांच्या नंबरवरून फोन आला. मावशी होती. आवाज अगदी साधा. मागे काकांच्या खोकल्याचा आवाज येत होता, म्हणजे ते शेजारीच बसले होते.

"तुझे चाळीस झाले ना गं?"

"झाले, मावशी."

"बरं झालं बाई." आणि तिनं फोन ठेवला. तेवढं विचारायला ती कधी फोन करत नाही, हे मला कळायला हवं होतं.

काय झालं ते मला बहिणीकडून आठवड्यानं कळलं. खातं सुरू झाल्याचा मेसेज आला होता. त्यात बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे. काका दहावी शिकलेले, बँकेचं नाव त्यांना वाचता आलं. त्यांनी हात उगारला नाही की आवाज चढवला नाही. दोन दिवस घरात जेवले नाहीत फक्त, आणि भावकीत ज्याला त्याला सांगत सुटले, "वीस वर्सं संसार केला अन् बायकोनं चोरून ठेवलं. मी काय परका हाय का?" सगळ्यांनी काकांचीच बाजू घेतली. मावशीनं स्वतःच्या हातानं पैसे काढून दिले, त्यातून बागेवर टाकायला प्लॅस्टिकचा कागद आला. गारपीट झाली असती तर तोच कामी आला असता, म्हणजे काकांचंही चूक होतं असं मला म्हणता येत नाही. नर्सिंगच्या फॉर्मची तारीख निघून गेली.

आणि नोकरी? त्या वर्षी कंपनीनं कुणालाच घेतलं नाही. सर म्हणाले, वरूनच आलंय. प्रशस्तिपत्र मिळालं, जाडसर कागदाचं. ते कुठे ठेवलंय तेही आठवत नाही. आता मी सातपूरला एका कारखान्यात बिलं तपासते. मार्केट वर गेलं की खाली, मला कुणी विचारत नाही. बरंच आहे.

मावशीकडे मी दोन वर्षं गेले नाही. लाज वाटायची. सरळ सांगते, लाज वाटायची, आणि कामाची सबब सांगायचे. मग यंदा बहिणीची पत्रिका आली. मुलगा कळवणचा, कांदा-डाळिंबवाले. आता जायलाच लागणार होतं.

हळदीच्या दिवशी पोचले. मावशीनं मला पोटाशी धरलं, "किती वाळली गं," म्हणाली, बाकी काही नाही. मी जागच्या जागी रडले असते, पण बायका होत्या. तेवढ्यात नवरीनं मला हाक मारली. अंगभर हळद, कपाळाला मुंडावळ्या. हात धरून तिनं मला मागच्या खोलीत नेलं. तेच ड्रम, तेच डबे. दार लोटलं आणि ब्लाउजमधून मोबाइल काढला. पॅकहाऊसमध्ये दोन हंगाम द्राक्षं पेट्यांत भरून, त्या मजुरीतून घेतलेला.

"ताई, बँकेचं खातं उघडायचंय मला. मोबाइलवरून होतं म्हणतात. तू दाखव कसं ते." मग थांबून म्हणाली, "पण नंबर माझाच टाकायचा. आधारला बी मी माझाच जोडून घेतलाय."

मी मान हलवली. एकेक पान तिला दाखवत गेले. तिनं चेहरा दाखवला, हळद लागलेले डोळे मिचकावले. मग फोन वाजला. ओटीपी आला होता. सवयीनं माझ्या तोंडून निघून गेलं, "हं, सांग."

तिनं माझ्याकडे एकदा पाहिलं. मोबाइल छातीशी धरून जरा पाठमोरी झाली, आणि पिवळ्या बोटानं एकेक आकडा स्वतःच टाकला.