पुढे सोडलेला ट्रक

पुण्याजवळच्या कारखान्यात यार्डातले ट्रक आणि गोदामातला माल, या दोन्हींच्या सिस्टीमचा मेळ घालणं हे माझं काम. एकदा माल उतरवायच्या डॉकवर खोक्यांचा ट्रक लागल्याचं दोन्हीकडे दिसत होतं, पण दार उघडलं तर आत बाटल्यांची झाकणं. अर्ध्या तासात खोकी आली नसती तर पॅकिंग बंद पडलं असतं. मी यार्डात धावले. खोक्यांचा ड्रायव्हर निवांत डबा खात होता.

"मॅडम, त्या झाकणांच्या ट्रकवाल्या काकांच्या लेकीचा उद्या साखरपुडा आहे, लातूरला. म्हणून रांगेतला माझा नंबर त्यांना दिला."

"आणि सिस्टीमला कोण सांगणार?"

"तिला कुठं लेक आहे?"

हसू दाबत मी त्याला शेजारचा डॉक उघडून दिला. पॅकिंग थांबलं नाही आणि काका दुपारीच सोलापूर रस्त्याला लागले. त्याच आठवड्यात मी सिस्टीममध्ये यार्डातूनच नंबर बदलायची सोय करून घेतली.