मिस ओल्डक्रॉफ्ट आणि जिवंत डचेस

लंडनच्या ब्लूम्सबरी भागातल्या माझ्या घरात वरच्या खोलीत मिस ओल्डक्रॉफ्ट बरीच वर्षं भाड्याने राहत होत्या. उद्योग काय, तर राण्यांची चरित्रं लिहिणं. राण्या सगळ्या मेलेल्या. सकाळी खारवलेला मासा खाऊन बाई ग्रंथालयात जायच्या आणि संध्याकाळी एखाद्या फ्रेंच राणीच्या बाळंतपणावर डोळे पुसत परत यायच्या. मी त्यांचं एकच पुस्तक वाचलं, तेही अर्धं. राणी मरायचं नावच घेईना.

शेवटी प्रकाशक वैतागला. "मेलेल्या पुरे झाल्या. एखादी जिवंत आणा, नाहीतर दुसरं दार बघा." दुसरं दार कोण उघडतंय! बाईंनी मग लंडनमध्ये वैधव्य काढणाऱ्या, जर्मन राजघराण्यातल्या डचेस ओटिलींना चहाला बोलावलं. त्या हो म्हणाल्या तर पुस्तक, नाहीतर बाईंचा कारभार आटोपला.

डचेस धापा टाकत जिना चढून आल्या. बाईंनी असे काही गुडघे वाकवले की सांधे कडकड वाजले. मग उभ्याच राहिल्या. राजघराण्यातल्या माणसाने सांगितल्याशिवाय बसायचं नाही, त्याने तोंड उघडल्याशिवाय आपण उघडायचं नाही, ही रीत बाई देवाच्या आज्ञेसारखी पाळायच्या. आणि डचेस पडल्या लाजऱ्या! मी आणलेला चहा निवला. केकवर माशी बसली. दोघी एकमेकींकडे बघून नुसत्या हसत होत्या आणि माझ्या डोळ्यांदेखत पुस्तक बुडत होतं. मला बाईंचा असा राग आला!

"काय हो बाईसाहेब, केक आवडला नाही का?" मीच विचारलं.

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "मिसेस टिडमन! आपण आधी बोलायचं नसतं!"

"बोलू द्या हो त्यांना," डचेस म्हणाल्या. "आमच्याकडे सगळे मी कधी बोलते याचीच वाट बघत बसतात. वीट आलाय. तुम्ही काय लिहिणार माझ्यावर?"

"आपले... सद्गुण, हायनेस."

"ते मी मेल्यावर कुणीही लिहील. काही विचारायचं असेल तर विचारा, नाहीतर मी निघते."

मी पायाने खुर्ची पुढे सरकवली. बाई बसल्या. न सांगता! त्यांनी वही उघडली.

"आपले यजमान... कसे होते?"

"घोरायचे," डचेस म्हणाल्या. "खिडक्या हलायच्या. आयुष्यभर मी मनातल्या मनात शिव्या घातल्या त्यांना. गेले, त्या रात्री मला झोपच लागली नाही."